ओठ थांबले की

गव्हाला पिवळी झाक आली आणि लोहाराच्या दारात माणसं दिसायला लागली. वर्षातले दहा महिने या माणसाची कुणाला आठवण होत नाही. मग एकीकडे ढग आणि एकीकडे पिकलेला गहू असं झालं की तो सगळ्यांना एकदम हवा असतो, आणि तोही कालच हवा असतो. शेतं टेकडीच्या उतारावरची. तिथे यंत्र चढत नाही, चढलं तर धड उतरत नाही. त्यामुळे विळ्याला अजून मान होता. लोहाराला किती होता, ते विचारू नये.

लोहार साठीला आला होता. दंड अजून घणाला पुरून उरत होते, पण बाकीचे अवयव एकेक करून रजेवर निघाले होते. चाळीस वर्षं ऐरणीशेजारी काढल्यावर कान जायचेच, ते गेले होते. त्याच्याशी बोलायचं तर समोर उभं राहून ओरडावं लागे. तो स्वतः कानात सांगायला गेला तरी ते चौथ्या घरात ऐकू जाई. डोळ्यांचं मात्र त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. आगीत बघून बघून त्याला लालातला लाल कळेनासा झाला होता. तांबूस, लाल, केशरी, सगळं एकच धगधगतं दिसे. आणि विळ्याला पाणी द्यायचं तर सगळं काम त्या रंगावरच चालतं. लोखंड कमी तापलं आणि पाण्यात घातलं तर धार मऊ राहते, दोन पेंढ्या कापल्या की वाकते. जास्त तापलं तर धार काचेसारखी होते, खड्याला लागली की तुकडा उडतो.

तरी त्याचे विळे चांगले निघत, कारण भात्यावर त्याची बायको बसे. ती साखळी ओढता ओढता तोंडातल्या तोंडात प्रार्थना म्हणे. ही भट्टीची प्रार्थना त्या घरात सासूने सुनेला द्यायची, अशी चालत आलेली. पुरुष ती शिकत नसत. त्यांचं लक्ष लोखंडात असावं, असं घरातल्या बायकांनीच कधीतरी ठरवून टाकलं होतं. सात ओळी, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी एकच शब्द, राख. म्हणजे सांभाळ. सातवं ‘राख’ म्हणून तिचे ओठ थांबले की तो विळा बाहेर काढून पाण्यात बुडवी. देवाने हो म्हटलं, असं दोघंही समजत. निदान एक जण तरी अजून समजत होता.

त्या सकाळी मुकादमबाई आली. वीस बायकांच्या कापणीच्या टोळीची ही मुकादम, डोक्याला फडकं, पायात नवऱ्याचे बूट. तिने खांद्यावरचं गाठोडं अंगणात उपडं केलं आणि बुटाच्या टोकाने विळ्यांचे दोन ढीग केले.

"हे वाकलेत," ती म्हणाली. "आणि ह्यांचे तुकडे पडतायत. मऊ पण तुझेच, ठिसूळ पण तुझेच. एका हातचे असे दोन तऱ्हेचे विळे होतात कसे, तेवढं मला सांग."

"काय म्हणते?" लोहाराने बायकोकडे पाहिलं.

आता हे ओरडून सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. "वाकतात म्हणते!" लोहारीण ओरडली. "तुटतात म्हणते!" शेजारच्या दोन खिडक्या उघडल्या.

"आणि त्या पोरीचं पण सांग," मुकादमबाई म्हणाली. "आमच्यातली सगळ्यात धाकटी. परवा तुकडा उडून तिच्या डोळ्याखाली घुसला. टाके पडलेत. बोटभर वर लागला असता तर डोळा गेला होता."

लोहारीण तेही ओरडली. ओरडताना तिचा आवाज मध्येच बसला, तरी त्याला कळलं. त्याने खाली वाकून एक तुटका विळा उचलला, धारेवरच्या खाचेत नख घातलं आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. इतका मोठा माणूस विळा धरून असा उभा राहिलेला बघवत नव्हता.

"पुढच्या आठवड्यात आम्ही वरच्या उतारावर चढतोय," मुकादमबाई जरा खालच्या सुरात म्हणाली. "तोपर्यंत वीसच्या वीस नीट करून दे. नाहीतर मी बाजारातले कारखान्याचे आणते. मला पण माझ्या बायकांना तोंड द्यायचंय. आणि एकदा ते आणले ना, की मी तुझ्या दारात परत यायची नाही, सांगून ठेवते."

ती गेल्यावर लोहाराने हातपाय धुतले, कपडे बदलले आणि त्या पोरीच्या घरी गेला. परत आला तो जेवला नाही. दुपारी प्रार्थनाघराकडे निघाला, तेव्हा लोहारीण मागून गेली. आत गेली नाही, भिंतीजवळ उभी राहिली. आत जायची गरजच नव्हती. लोहार गुरुजींच्या कानाशी लागून आपलं पाप सांगत होता आणि बाहेर बाकावर बसलेले तीन म्हातारे मान खाली घालून ते ऐकत होते.

"आईला शेवटी माझी ओळख राहिली नव्हती," तो सांगत होता. "मी कामावरून घरात शिरलो की चोर शिरला म्हणायची. एकदा उलथन्याने मारलं तिने मला. तेव्हा मी मनात म्हटलं, मर एकदाची. आणि आठ दिवसांत गेली. त्याने ऐकलं माझं. आता हातचं पाणी काढून घेतलंय."

"अरे, असं कुणाच्या मनात येत नाही?" गुरुजी ओरडले. त्यांचा घसा आधीच नाजूक होता. "माझ्या पण आलं होतं! माझ्या वडलांच्या वेळी!"

बाहेरच्या तीन म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"मग तुमचं काय गेलं?" लोहाराने विचारलं.

गुरुजी म्हणजे चांगला माणूस, पण पेचात सापडला की काहीतरी करायला सांगून मोकळा व्हायचा. "तीन दिवस पहाटे आवार झाड," ते ओरडले. "तेवढं पुरे."

"झाडीन. आणि ते होईपर्यंत भट्टीला हात लावत नाही."

"असं मी कुठे म्हटलं?" गुरुजी म्हणाले. पण हे ते ओरडले नाहीत, त्यामुळे ते त्याच्यापर्यंत पोचलं नाही.

तीन दिवस लोहार पहाटे जाऊन आवार झाडत राहिला. वाकून झाडायची त्याला सवय नव्हती, कंबर धरली. शेतावर निघालेल्या बायका त्याच्याजवळून जाताना बोलणं थांबवत आणि पुढे गेल्यावर पुन्हा सुरू करत. घरी येऊन तो भिंतीला टेकून बसे. आभाळ दुपारी भरून येई आणि संध्याकाळी मोकळं होई. वीस विळे कोपऱ्यात तसेच पडून होते.

लोहारीण या तीन दिवसांत आपल्याच घरात चोरासारखी वावरत होती. त्याच्याजवळ पापाचा हिशोब तयार होता. तिला मात्र एक गोष्ट माहीत होती जी जगात दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हती. सासू गेल्यापासून, म्हणजे सहा महिने झाले, ती प्रार्थना म्हणतच नव्हती. नुसते ओठ हलवत होती.

हे रागाने झालेलं नव्हतं. तिला देवाचा राग आला असता तर गोष्ट सोपी होती, रागावलेलं माणूस निदान भांडत तरी असतं. झालं ते असं. तिची सासू म्हणजे उठता बसता देवाचं नाव घेणारी. भांड्याला हात लावायची तर आधी त्याचं नाव, दाराला कडी घालायची तर त्याचं नाव. देवाने हिचा हात धरलाय, असं सगळे म्हणायचे. मग म्हातारी विसरायला लागली. आधी किल्ल्या, मग वार, मग शेजारणीचं नाव. इथवर हसण्यावारी नेता येत होतं. मग एक दिवस सुनेजवळ भात्यापाशी बसली, सवयीने ओठ उघडले आणि ते तसेच उघडे राहिले. सुनेने पहिली ओळ सांगितली. म्हातारी तिच्याकडे बघत राहिली.

"राख म्हणजे काय गं?" तिने विचारलं.

"राखायचं. सांभाळायचं, आई."

म्हातारीने भट्टीच्या कडेची राख बोटावर घेतली, निरखली, आणि जिभेला लावली. तोंड कडू झालं तेव्हा लहान मुलासारखी रडायला लागली. सुनेने तिचं तोंड धुतलं, पदराने पुसलं, आणि त्या दिवसापासून तिच्या मनात एक खडा जो रुतला तो निघाला नाही. कांदा कसा चिरायचा हे म्हातारीला शेवटच्या आठवड्यापर्यंत येत होतं. शिव्या येत होत्या. लहानपणी बापाजवळ असलेल्या घोड्याचं नाव येत होतं. जिने जन्मभर एकाचंच नाव घेतलं, तिच्याजवळून ते नावच या सगळ्यांच्या आधी गेलं. रात्री ती घाबरून उठायची, हाक मारायला तोंड उघडायची आणि कुणाला मारायची ते तिला सापडायचं नाही. सून उशाशी बसून बघायची. ती देवाला म्हणायची, अरे, दुसरं काही देऊ नकोस, पण तुझं नाव तरी हिच्यापाशी राहू दे. तेवढं तर तुझ्याच हातात आहे ना?

म्हातारी गेली. नंतर एका सकाळी भात्यावर बसल्यावर हिच्या लक्षात आलं की आपण तीन विळे झाले तरी एकही ओळ म्हटलेली नाही, आणि काही चुकल्यासारखंही वाटत नाही. ओळखीचं कुणी परगावी राहायला जावं आणि काही दिवसांनी त्याची आठवण येईनाशी व्हावी, तसं. पण समोर नवरा तिच्या ओठांकडे बघत उभा होता. चाळीस वर्षं सोबत काढलेल्या माणसाला काय सांगणार? तिने ओठ हलवायला सुरुवात केली. काहीतरी म्हणायला हवं म्हणून तिने घरात काय संपलंय ते म्हटलं. कांदे, मिरच्या, मीठ, दिव्याचं तेल, साबण. तिला हसू आलं होतं तेव्हा. नंतर ती सवयच झाली.

तिसऱ्या दिवशी लोहार आवार झाडायला गेला असताना ती कोपऱ्यातल्या विळ्यांसमोर बसली. वाकलेल्यांच्या मुठीला लाल चिंधी होती. ही पहिली खेप. तुटलेल्यांना पांढरी, ती दुसरी. दुसऱ्या खेपेच्या वेळी थोरल्या बहिणीचं ऑपरेशन झाल्याचा निरोप आला होता आणि हिचं मन सगळं माहेरी होतं. त्या आठवड्यात ती भात्यावर बसून भाजी म्हणत नव्हती, माहेर म्हणत होती. थोरली, थोरलीचा नवरा, त्यांची चार मुलं, दोन सुना, मधली, मधलीचा तो आळशी मुलगा, भाऊ, भावजय, भावजयीची आई.

ती उठून थंड भट्टीसमोर बसली आणि साखळी ओढत हळूच म्हणायला लागली. कांदे, मिरच्या, मीठ. गार राख उडून तिच्या तोंडावर आली. साबणापर्यंत नऊ ओढी झाल्या. मग माहेर म्हटलं. भावजयीच्या आईपर्यंत वीस झाल्या. मग तिने डोळे मिटले, आणि सहा महिन्यांनी पहिल्यांदा, नीट, सासूच्या चालीत, सात ओळी म्हटल्या.

चौदा ओढी. तिने पुन्हा म्हटल्या. चौदा.

भाजीचे विळे वाकले होते आणि माहेरचे तुटले होते. देव आहे की नाही ते यातून काही कळलं नाही. पण नवरा लोखंडाकडे बघतच नव्हता, नुसत्या तिच्या ओठांवर विळा काढत होता, हे कळलं. आणि त्या पोरीच्या गालावरचे टाके कुणाचे आहेत, तेही कळलं. भट्टीसमोर बसून ती रडली. नाक पुसताना हाताची सगळी राख तोंडाला लागली.

चौथ्या दिवशी लोहाराने भट्टी पेटवली. हात धुतले, विळा सांडशीत धरला आणि तिच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा परीक्षेला बसलेल्या मुलासारखा झाला होता. तिने नुसतं चौदा मोजायचं ठरवलं होतं, पण मोजताना हात भराभर चालायला लागला. ओळीच म्हणाव्या लागल्या. प्रत्येक ‘राख’ तिच्या तोंडात परक्याच्या घासासारखा फिरत होता. ती थांबली, त्याने विळा बाहेर काढला आणि पाण्यात घातला. चर्र झालं, वाफ उठली.

त्याने विळा ऐरणीवर हलकेच आपटला आणि मूठ दाताखाली धरली. कानाने जे कळत नसे ते तो दाताने ऐकायचा. मग धार वाकवून पाहिली. ती वाकून पुन्हा सरळ झाली. त्याने दुसरा केला, तिसरा केला. तिसऱ्यानंतर सांडशी खाली ठेवली आणि मटकन बसला.

"माफ केलं गं," तो म्हणाला. अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "माफ केलं त्याने मला."

खरं सांगायचं तर लोहारणीला हायसं वाटलं. आता हे असंच चालू द्यावं, सात ओळी म्हणाव्यात, विळे चांगले निघावेत, म्हातारा सुखात राहावा. कुणाचं काय जातं? मनात नसलं तरी माणसं किती गोष्टी निमूट करत असतात.

पण तो उठून चपला शोधायला लागला.

"कुठे?" तिने हाताने विचारलं.

"त्या पोरीकडे. तिला खरं सांगायला पाहिजे. मी आईला मर म्हटलं त्याची शिक्षा तिच्या तोंडावर आली. आता खात्रीच झाली ना. पाप माझंच होतं. पाया पडतो तिच्या आणि जिवंत असेपर्यंत आवार झाडतो."

हे तो अगदी शांतपणे म्हणाला. आनंदाने म्हणाला. त्या आनंदाची तिला भीती वाटली. हा माणूस आता मरेपर्यंत आईचा मारेकरी म्हणून वाकून झाडत राहणार, आणि आपण शेजारी बसून ओठ हलवत राहणार.

"अहो, थांबा," ती म्हणाली. तो पाठमोरा होता. ती धावली, अंगणाच्या फाटकाशी त्याचा दंड धरून त्याला वळवलं आणि हळू आवाजात, ओठ स्वच्छ उघडत म्हणाली, "मी म्हणत नव्हते."

"काय? मोठ्याने बोल."

समोरून टोळी येत होती. दुपारच्या जेवणाला परतणाऱ्या बायका, पुढे मुकादमबाई. लोहारणीने त्यांच्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. हे कुजबुजून सांगायची सोय नव्हती. तिने छाती भरून घेतली.

"मी प्रार्थना म्हणत नाही!" ती ओरडली. "आई गेल्यापासून म्हणत नाही! सहा महिने! नुसते ओठ हलवते!"

टोळी जागच्या जागी थांबली.

"काय म्हणतेस मग?" लोहाराने विचारलं.

"भाजी!"

"काय?"

"भाजी! कांदे, मिरच्या! कधी माहेरची माणसं! तुम्ही माझे ओठ बघून विळा काढता! भाजी लवकर संपते म्हणून ते वाकले, माहेर संपत नाही म्हणून तुटले! आज नीट म्हटली म्हणून नीट निघाले! तुमचं पाप नाही! माझ्यामुळे झालं! त्या पोरीचं पण माझ्यामुळेच!"

एवढ्या शांततेत कुणाच्या तरी हातातला डबा खाली पडला तो केवढा तरी वाजला. बायकांत मागे ती धाकटी उभी होती, गालावर पट्टी लावून. लोहारीण तिच्याकडे गेली आणि तिच्यासमोर हात जोडून उभी राहिली. पोर बिचारी गोंधळली. "असू दे काकू," ती म्हणाली. "आता ठणकत नाही." आणि मुकादमबाईच्या मागे लपली.

मुकादमबाईने दोघा नवराबायकोंवर नजर फिरवली. "कुणी काय म्हणायचं ते तुमचं तुम्ही बघा," ती म्हणाली. "मला उद्या संध्याकाळी वीस विळे पाहिजेत." आणि टोळी घेऊन निघून गेली. वळणावर गेल्यावर त्या सगळ्या एकदम बोलायला लागल्या.

लोहार भट्टीजवळ येऊन बसला. निखाऱ्यांवर राख धरत होती. लोहारीण समोर बसली, त्याला तोंड दिसेल अशी.

"का?" त्याने विचारलं. त्याला जमेल तेवढ्या हळू.

तिने सांगितलं. मनातली इतकी नाजूक गोष्ट घसा फोडून सांगावी लागते याहून वाईट काय असणार? आईंना त्याचं नाव आठवत नव्हतं, ती ओरडली. घाबरून उठायच्या आणि कुणाला हाक मारायची ते कळायचं नाही. मला ते बघवलं नाही. रागावले नाही मी. फक्त राहिलं नाही काही.

तो ऐकत होता, म्हणजे बघत होता. तिचं संपल्यावर म्हणाला, "मी पण बघितलंय ते. दारात उभा राहून. म्हटलं, आता तरी येईल हा तिच्याजवळ." तो थांबला. "मला कुणी दिसला नाही. मला वाटलं, माझे डोळे गेलेत म्हणून दिसत नसेल."

"डोळे गेलेत?"

"तीन वर्षं झाली. लाल कळत नाही मला."

चाळीस वर्षांच्या संसारात एवढी दोन गुपितं एका दुपारी बाहेर पडल्यावर माणसाने बोलायचं तरी काय! ती उठली, चहा केला, त्याच्या हातात दिला. तो प्यायला. एकमेकांच्या अंगावर ओरडली असती तर बरं वाटलं असतं, पण ओरडण्याची ताकद तिच्यात उरली नव्हती आणि त्याचा उपयोग त्याला नव्हता.

"उद्यापासून मी चौदा मोजेन," शेवटी ती म्हणाली, बोटं दाखवत. "प्रार्थना नको. चौदा ओढी."

त्याने मान हलवली. "प्रार्थना पाहिजे. माझ्या घरात ती पाहिजे. माझं सुटलेलं नाही. का सुटलं नाही ते मला सांगता येणार नाही, पण नाही सुटलेलं." त्याने कप खाली ठेवला. "पण तू म्हणू नकोस. मनात नसताना तुझ्याकडून म्हणवून घ्यायला मी काय मुकादम आहे? मी म्हणतो. मला शिकव."

"बायकांची आहे ती!"

"मग बाईकडूनच शिकतोय ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी शिकवणी सुरू झाली. लोहाराला वाटत होतं की आपल्याला ती जवळजवळ येतेच. जन्मभर आधी आईच्या आणि मग बायकोच्या ओठांवर पाहिलेली. त्याने म्हणून दाखवली तेव्हा तिला हसू आवरेना. चाल तीच, ओठांचे आकार तेच, शब्द मात्र एकही खरा नव्हता. ती त्याच्या कानाशी तोंड नेऊन एकेक ओळ ओरडायला लागली. लोखंडाला शहाणं राख. हाताला हलकं राख. तो तिच्या मागून गर्जत होता. घेणाऱ्याचं बोट राख, ही ओळ आली तेव्हा तो थांबला आणि म्हणाला, "असं आहे होय यात? मला माहीतच नव्हतं." सहावी, देणाऱ्याचं तोंड राख. सातवी, उरलं ते तुझं, तू राख.

गुरुजी फाटकाशी येऊन उभे राहिले होते. देव न मानणारी बाई एका भाविक माणसाला प्रार्थना शिकवतेय, हे त्यांनी थोडा वेळ पाहिलं. काही बोलावंसं त्यांना वाटलं असणार. पण घसा खरंच दुखत होता, म्हणून ते तसेच परत गेले.

मग विळे सुरू झाले. लोहार सांडशी धरून मोठमोठ्याने म्हणत होता, ती त्याच्या शब्दावर साखळी ओढत होती. तिचे ओठ मिटलेले होते. मिटलेल्या ओठांनी भाता ओढायला किती सोपा जातो, हे तिला सहा महिन्यांत कळलं नव्हतं. सहा ओळी तो घडाघडा म्हणे. सातवीला अडखळे आणि तिच्याकडे बघे. लोखंड वाट बघत नाही, म्हणून ती पटकन ओरडे, "उरलं ते तुझं, तू राख!" आणि विळा पाण्यात जाई. चर्र. वाफ. दाताखाली मूठ. चांगला.

दुसरा, चौथा, नववा. प्रत्येक वेळी सहा ओळी बरोबर आणि सातवीला गाडी अडलेली. दुपार झाली, दोघांचे कपडे घामाने अंगाला चिकटले. ढग टेकडीवर उतरले होते, वाऱ्याने पाचोळा अंगणात येत होता. बाराव्या विळ्याला तिचा धीर सुटला.

"एवढ्या सहा येतात आणि ही एक येत नाही? सोपी तर आहे!"

लोहाराने तेरावा विळा आगीत घातला.

"येते," तो म्हणाला. "पहिल्याच वेळी आली."

"मग?"

"ती तू म्हण." तो तिच्याकडे बघत नव्हता, आगीकडे बघत होता, जिथे त्याला काही दिसत नव्हतं. "त्याला म्हणू नकोस. मला म्हण."

ती साखळी धरून बसून राहिली. त्याने पहिली ओळ सुरू केली तेव्हा तिचा हात आपोआप चालायला लागला. दुसरी झाली. तिसरी. तो म्हणत होता, ती ओढत होती, आग श्वास घेत होती. सहावी झाली. त्याने मान वळवली आणि नेहमीसारखं तिच्या तोंडाकडे पाहिलं.

या वेळी ती ओरडली नाही. अगदी हळू, कुणालाच ऐकू जाणार नाही एवढ्या हळू, त्याच्याकडे बघून म्हणाली.

"उरलं ते तुझं. तू राख."

त्याने विळा बाहेर काढला.